आंग्रे, ‘चांचेगिरी’ आणि इंग्रजी ग्रंथकार

(१)

कुलाबकर आंग्र्यांविषयीं इंग्रजींत जीं जुनीं पुस्तकें आहेत, त्यांतील कांहींच्या नांवांतच निकाल देऊन टाकलेला आढळतो. क्लेमेंट डाउनिंग याचा ग्रंथ १७३७ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतील लढायांच्या जोडीला ‘आंग्रे नामक चांच्या’चा उदय व सामर्थ्य यांचें वर्णन यांत आहे, असें त्याचें लांबलचक नांवच सांगतें. पुढें १७० वर्षांनीं, १९०७ सालीं, कर्नल बिडल्फ यानें त्याच विषयावर पुस्तक लिहिलें. त्याचें नांव ‘मलबारचे चांचे’. मलबार हें नांव इंग्रज ग्रंथकार सबंध पश्चिम किनाऱ्यास सैलपणें लावीत. या दोन पुस्तकांमधील अवधींत आंग्र्यांचें आरमार नष्ट झालें, १८४० सालीं वारस नाहीं या सबबीवर त्यांचें संस्थान खालसा झालें, आणि अलिबाग हें इंग्रजी जिल्ह्याचें मुख्य ठिकाण बनलें. तो शब्द मात्र जागचा हालला नाहीं.

हा शब्द कोणत्या वादांतून आला, त्यानें कोणतें कार्य साधलें, आणि तो ज्या ग्रंथांत वसला आहे त्यांचा उपयोग आपण कसा करावा, इतकाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

(२)

मूळ वाद दस्तकाचा होता. समुद्रांतून जाणाऱ्या जहाजानें किनाऱ्याच्या धन्याचा परवाना घ्यावा, ही रीति कान्होजीनें काढली नाहीं. त्याच्या पूर्वीं सुमारें दोनशें वर्षें पोर्तुगीज लोक ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना सक्तीनें देत आले होते, आणि परवान्यावांचून जाणारें जहाज धरीत होते. कान्होजी हा मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल. बाळाजी विश्वनाथानें १७१३-१४ च्या सुमारास त्याच्याशीं जो करार केला, त्यानें शाहू छत्रपतींकडून त्याच्या सरखेलीस मान्यता मिळाली आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्याच्याकडे राहिलीं. अशा अधिकाऱ्यानें आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडे दस्तक मागितलें, तर त्यांत नवल तें काय?

इंग्रजांची तक्रार निराळी होती. कंपनीच्या जहाजांस दस्तक नको, एवढेंच त्यांचें म्हणणें असतें तर वाद मिटला असता. परंतु मुंबईचे खाजगी व्यापारी, इंग्रज तसेच एतद्देशीय, आपला माल इंग्रजी निशाणाखालीं पाठवीत, आणि त्यांसही ही सवलत असावी असा मुंबईकरांचा आग्रह होता. कान्होजीचें म्हणणें असें कीं, सवलत कंपनीची. निशाण उसनें घेतल्यानें व्यापारी कंपनी होत नाहीं. कागदपत्र पाहतां हा जकातीचा तंटा आहे, आणि जकातीचे तंटे दोन सत्तांमध्यें होतात.

आपल्या प्राचीन शास्त्रांतही हा भेद स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याच्या हद्दींत येणाऱ्या नौकांकडून शुल्क मागावें, वाऱ्यानें मार्ग चुकलेल्या नौकेवर पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, आणि ‘हिंस्रिका’ म्हणजे लुटारू नौका असतील त्यांचा नाश करावा, असें तेथें विधान आहे. शुल्क घेणारा व लुटणारा असे दोन वर्ग तेथें मानिले आहेत. इंग्रजी ग्रंथकारांनीं पहिल्यास दुसऱ्याचें नांव दिलें. सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

(३)

तो घोटाळा त्यांच्याच लेखनांतून कसा उघडा पडतो, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें १७१२ सालचें. कारवारहून मुंबईस येत असतां इंग्रजांचीं दोन जहाजें आंग्र्यांच्या आरमारानें धरलीं. कारवारच्या वखारीवरील चाउन नांवाचा अधिकारी गोळा लागून मरण पावला आणि त्याची तरुण पत्नी कुलाबा किल्ल्यांत कैदेंत पडली. पुढील वर्षीं ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यांत आलें. बिडल्फनें या बाईची हकीकत विस्तारानें दिली आहे, आणि ती वाचतांना कोणाचेंही मन द्रवेल. एका निरपराध स्त्रीस खंडणीसाठीं अडकवून ठेवणें हें कृत्य सरखेलाच्या चाकरींत घडलें म्हणून गोड होत नाहीं, हें आपण मान्य केलें पाहिजे. परंतु तिच्या सुटकेबरोबरच काय झालें? मुंबई सरकारनें कान्होजीशीं तह केला. कंपनीच्या जहाजांस उपद्रव होऊं नये, असें त्यांत ठरलें. चांच्यास पकडतात, फांशीं देतात. त्याच्याशीं कलमवार तह करीत नाहींत. ज्याच्याशीं तह केला त्यास तहाच्या दिवशीं सत्ता मानावयाचें आणि ग्रंथ लिहितांना दरोडेखोर म्हणावयाचें, ही विसंगति ग्रंथकारांच्या ध्यानांत आली नाहीं.

दुसरें उदाहरण १७२१ सालचें. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दींत विजयदुर्ग व खांदेरी यांवरील इंग्रजांचे हल्ले फसले होते. मग इंग्लंडच्या राजाचीं चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज मुंबईस आला. त्यास मुळांत पाठविलें होतें तें मादागास्कर बेटाच्या आश्रयानें राहणाऱ्या युरोपियन चांच्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं! यांच्याच पंथांतील एव्हरी नामक इंग्रजानें १६९५ सालीं बादशहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज लुटून सुरतेंत हाहाकार उडविला होता. परंतु खऱ्या चांच्यांसाठीं आलेलें हें आरमार त्या डिसेंबरांत पोर्तुगिजांच्या फौजेसह कुलाब्यावर चालून आलें. हल्ला फसला, इंग्रज व पोर्तुगीज एकमेकांस दोष देऊं लागले, बाजीराव ससैन्य येऊन पोंचला, आणि १७२२ च्या जानेवारींत पोर्तुगिजांनीं इंग्रजांस वगळून मराठ्यांशीं तह केला. मायदेशीं परतल्यावर मॅथ्यूज यास बेकायदा व्यापार केल्याबद्दल १७२४ सालीं लष्करी न्यायासनानें दोषी ठरविलें. कोण कोणास चांचा म्हणत होता, याचा विचार वाचकांनींच करावा.

त्याच १७२४ सालीं मुंबईचा गव्हर्नर फिप्स याच्या आरोपांस कान्होजीनें जें उत्तर पाठविलें, तें इंग्रजी भाषांतरांत उपलब्ध आहे. दुसऱ्याचें घेण्याची इच्छा व्यापाऱ्यांतही कांहीं कमी दिसत नाहीं, जगाची रीतच तशी आहे, असा त्याचा आशय. प्रतिपक्षाच्या दप्तरांतून ऐकूं येणारा हा आवाज लुटारूचा नसून राजकारणी पुरुषाचा आहे.

(४)

असें असलें तरी हे ग्रंथ टाकून द्यावे असें कोणी समजूं नये. डाउनिंग हा स्वतः दर्यावर्दी होता. लढायांचीं वर्णनें करतांना आपल्या लोकांचे दोष तो झांकून ठेवीत नाहीं. ऑर्मच्या १७६३ च्या इतिहासांत आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें यांचें जें वर्णन आहे, त्याच्या तोडीचें वर्णन आमच्या बखरींत शोधून सांपडणें कठीण. गुराब १५० पासून ३०० टनांपर्यंत, गलबत क्वचितच ७० टनांहून मोठें, त्यास चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला असतां गलबतांनीं गुराबा ओढीत न्यावयाच्या व शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस येऊन तोफा डागावयाच्या, हा सर्व तपशील त्यानें दिला आहे. विजयदुर्ग १७५६ च्या फेब्रुवारींत पडला त्या वेळीं सेनापति वॉटसन याच्या जहाजावर असलेला शस्त्रवैद्य आइव्हस यानें १७७३ सालीं आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. तुळाजीचें आरमार कसें जळालें, हें त्यावरून कळतें. किल्ल्यांत सांपडलेली सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांतच वांटून घेतली, आणि मोहिमेंतील भागीदार असलेल्या पेशव्यांच्या हातीं त्यांतील कांहींच आलें नाहीं.

जेम्स फॉर्ब्स १७७१ सालीं अलिबागेस आला होता. राघोजी आंग्रे कुलाबा किल्ल्यांत राहत असला तरी त्याचे वाडे, खजिना, पागा व बागा समोरच्या अलिबागेंत होत्या, अशी माहिती त्याच्याकडून मिळते. खजिना, पागा, बागा! चांच्याच्या गुहेचें हें वर्णन नव्हे, एका दरबाराचें आहे.

(५)

येथें दूरच्या एका देशाचें उदाहरण उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियांत इंग्रजांनीं १७८८ सालीं वसाहत घातली, आणि तेथील सरहद्दीच्या जीवनावरही इंग्रजींत मोठें वाङ्मय निर्माण झालें. पहिल्या तांड्याबरोबर गेलेला वॉटकिन टेंच याचें पुस्तक १७८९ सालीं निघालें. तेथील मूळच्या रहिवाशांकडे तो कुतूहलानें पाहतो. पण १७९० च्या डिसेंबरांत गव्हर्नरच्या हुकुमावरून त्यांस पकडण्यास जी टोळी निघाली, तिचा नायकही तोच, आणि रिकाम्या हातीं परत आल्याचें सांगणाराही तोच. पुढें मार्कस क्लार्कनें काळ्या पाण्याच्या कैद्यांवर (१८७४) आणि ‘बोल्डरवुड’ या टोपणनांवाच्या लेखकानें रानांतील दरोडेखोरांवर (१८८८) प्रसिद्ध कादंबऱ्या लिहिल्या. बोल्डरवुडच्या कादंबरींत दरोडेखोरच आपली कहाणी सांगतो, त्याला मन आहे, पश्चात्ताप आहे. स्वजातीय लुटारूस मन मिळालें. ज्यांची भूमि गेली ते मूळचे लोक मात्र अशा ग्रंथांत बहुधा कडेलाच उभे राहिले.

आणि कायद्यानें याहून मोठें काम केलें. ती भूमि कोणाच्याच मालकीची नव्हती, असें गृहीत धरून तेथील व्यवहार चालला. हें गृहीत १९९२ सालीं मरे बेटांवरील माबो यांच्या खटल्यांत तेथील उच्चतम न्यायालयानें खोटें ठरविलें. मध्यें दोन शतकें गेलीं होतीं. आमच्या धर्मशास्त्रांत ‘अस्वामिविक्रय’ हें एक व्यवहारपद आहे. स्वामी नसलेल्यानें केलेली विक्री रद्द होते. त्यांतून सुटण्याचा युक्तिवाद एकच: मूळ स्वामीच नाहीं असें म्हणावें. ऑस्ट्रेलियांत ‘निर्मालक भूमि’ या शब्दांनीं जें झालें, तेंच कोंकणच्या समुद्रावर ‘चांचा’ या शब्दानें झालें. शब्द निराळे, कार्य एक: स्वामित्व नाहींसें करणें.

(६)

मात्र दोहोंत एक भेद आहे, आणि आमची जबाबदारी त्यांतूनच उत्पन्न होते. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचीं त्या काळचीं लेखी दप्तरें नाहींत. त्यांची स्मृति मुखपरंपरेंत राहिली. आमच्याकडे कागद आहेत. ढबू यांनीं १९३९ सालीं आंग्रे घराण्याचा इतिहास मराठींत सिद्ध केला, डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचा कान्होजीवरील इंग्रजी ग्रंथ १९४१ सालचा; आणि आवळसकरांचा ‘आंग्रेकालीन अष्टागर’ १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. यांतील शेवटच्या ग्रंथाचें महत्त्व विशेष, कारण त्यांत लढायांपेक्षां प्रजा व कारभार यांकडे लक्ष दिलेलें आहे. जेथें कारभार चालतो तेथें राज्य असतें, हें सिद्ध करण्यास याहून बळकट पुरावा कोणता?

मुंबईंतील नौदलाच्या ठाण्यास १९५१ सालीं आंग्रे हें नांव मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गौरवानें इतिहासाचा प्रश्न सुटत नाहीं. ‘चांचा’ हा शब्द खोडून त्या जागीं ‘वीर’ लिहिलें, म्हणजे एका निकालाच्या जागीं दुसरा निकाल आला, एवढेंच. अष्टागरांतील जुन्या घराण्यांत सनदा, दस्तकें, वतनपत्रें अद्याप असतील, तर तीं वाळवीच्या व खाऱ्या हवेच्या तोंडीं पडण्यापूर्वीं त्यांच्या नकला झाल्या पाहिजेत. इंग्रजी ग्रंथांत जें पाहिलें म्हणून सांगितलें आहे तें घ्यावें. जें ठरविलें म्हणून सांगितलें आहे त्याच्यापुढें आमचा कागद ठेवावा. कान्होजीच्या दस्तकाचा एक अस्सल कागद उजेडांत आला, तर ‘मलबारच्या चांच्यां’स तें शंभर प्रशस्तींपेक्षां चांगलें उत्तर होईल.