भेट नक्की, लोकेशन नाही

सोलापूरच्या पायाखालून पृथ्वीच्या केंद्रातून आरपार गेलात, तर पॅसिफिक महासागरात निघाल. ईस्टर बेटाच्या उत्तरेला, चहूकडे पाणी. पृथ्वी अगदी गोल धरली, तर त्या बिंदूकडे पंढरपूरहून जाणारा सर्वात जवळचा रस्ता एकच: सोलापूरकडे पाठ करून निघायचं. सोलापूरहून मात्र तुळजापूरकडे निघा की विजापूरकडे, अंतर सारखंच, सुमारे २०,००० किलोमीटर. जवळचा रस्ता ठरत नाही तो फक्त सोलापूरलाच.

एवढ्याशा गोष्टीवर टोपोलॉजीतलं एक सुंदर प्रमेय उभं आहे.

एका गोलाच्या प्रत्येक बिंदूला दुसऱ्या गोलावरची एक जागा नेमून द्यायची, कुठेही न फाडता. असे दोन नियम घ्या, क आणि ख. दोघांनी एखाद्या बिंदूला एकच जागा दिली, तर ती त्यांची भेट. समजा, भेट कुठेच होत नाही. मग क-ने दिलेल्या प्रत्येक जागेपासून ख-च्या जागेच्या विरुद्ध टोकाकडे जवळचा रस्ता एकच. त्या रस्त्यांनी सगळं हळूहळू सरकवलं, की क-चा उलटा ख होतो.

डच गणिती ब्राउवर यांनी १९१०च्या सुमारास अशा नियमांना 'डिग्री' दिली: एक गोल दुसऱ्यावर किती वेळा गुंडाळला गेला, ती संख्या. सरकवल्याने ती बदलत नाही. विरुद्ध टोक घेतलं की चिन्ह उलटतं. म्हणजे क आणि ख दोघांची डिग्री १ असेल, तर भेट टाळायला १ आणि उणे १ समान असावे लागतील. ते शक्य नाही. भेट होणारच!

१९२६ साली सोलोमन लेफशेट्झ यांनी हा हिशोब गोलापलीकडच्या आकारांना लागू केला. ते मुळात इंजिनिअर. १९०७च्या अपघातात दोन्ही हात गेले आणि ते गणिताकडे वळले.

पण भेट कुठे होते, हे ही युक्ती सांगत नाही. 'नाही म्हटलं तर विसंगती येते, म्हणून आहे' हा युक्तिवाद खुद्द ब्राउवर यांनाच पटत नव्हता. जे शोधून दाखवता येत नाही, ते 'आहे' कसं म्हणायचं? १९५२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी गोलावरच्या आपल्याच जुन्या प्रमेयाची दुरुस्ती छापली: जागचा न हलणारा बिंदू मिळेलच असं नाही, हवा तितका कमी हलणारा मात्र शोधून देता येतो.

जगाने जुनं प्रमेयच त्यांच्या नावाने जपलं.