थंडीतली समुद्री मासळी : घाटाखाली घ्यायला जाताना काय बघावं?

मुळशी : ताम्हिणी घाट उतरला की कोकण. आपल्या मुळशी धरणाचं पाणीही भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिका नदीत जातं आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळतं. थंडीत तिकडची मासळी घेताना एवढं माहीत असू द्या.

बंदी कधी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किमी) मासेमारी बंद असते. पाऊस सरला की समुद्र शांत होतो आणि थंडीत मासेमारी जोरात चालते.

बोंबील-जवळा : हे मुख्यतः डोल जाळ्यात सापडतात. पिशवीसारखं हे जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत शिरते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळं जास्त भरतं, अष्टमीच्या सुमारास कमी. थंडीचं कोरडं ऊन मासळी सुकवायलाही चांगलं.

पापलेट : २०२३ साली हा राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली. पापलेटची आहे १३.५ सेमी. त्याहून लहान पकडणं किंवा विकणं बेकायदा आहे. एवढं पिल्लू एकदाही अंडी न घालताच संपतं, मग पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय?

तेव्हा वाटा स्वस्त लागला तरी आधी मोबाईल शेजारी धरा. तो साधारण १६ सेमी असतो. त्यापेक्षा बरंच आखूड पापलेट दिसलं तर घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल, तर पिल्लं पकडून कोण आणेल?