खोदण्याआधी

मुंबईच्या देवनारमधल्या चाळीसेक वर्षं जुन्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत जाऊन बसा. पुनर्विकास, पार्किंग, गळकी गच्ची यांवर दोन तास वाद होतात आणि ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाले की तळमजल्यावरचं कोणीतरी उठून सांगतं, नहाणीतून पुन्हा पाणी वर येतंय. प्लंबरचं मत ठरलेलं असतं : चेंबर ते चेंबर सगळं उकरावं लागेल. सेक्रेटरी गेल्या वर्षी बसवलेले पेव्हर ब्लॉक आठवतात आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. न खोदता जुने पाईप दुरुस्त करण्याचं शास्त्र म्हणजे या ढकललेल्या विषयाचाच अभ्यास.

वाचकाने आधी आपल्या इमारतीकडे नीट पाहावं. मुंबईत उभे पाईप बहुधा भिंतीबाहेर, घरगल्लीच्या बाजूला असतात. बीड गंजलं, सांध्यातून पिंपळ फुटला, तरी ते दिसतं. परांची बांधून पाईप बदलता येतो. खरी गोम जमिनीखालच्या आडव्या लाईनीत आहे. जुन्या इमारतींत ती सहसा चकाकी दिलेल्या भाजलेल्या मातीच्या, ‘स्टोनवेअर’ पाईपांची, 100 ते 150 मिलिमीटर व्यासाची. ही माती आम्लाला दाद देत नाही, पण तुकडे अवघे 60 सेंटिमीटरचे; म्हणजे तीस मीटरच्या लाईनीत पन्नासच्या आसपास सांधे, सिमेंटने भरलेले. जमीन जराशी हलली की सांधा तडकतो. तिथून पाणी बाहेर जातं, मुळं आत येतात आणि भोवतालची माती पाईपात वाहून येते.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. त्या ऑडिटात खांब, तुळया, स्लॅब ठोकून पाहतात. जमिनीखालच्या लाईनीत कॅमेरा सोडावा, असं फारच थोड्यांना सुचतं. माझी मोठी तक्रार इथे आहे.

आता न खोदता दुरुस्तीच्या मूळ कल्पनेकडे. 1971 साली इकडे देवनारला कत्तलखाना सुरू झाला, त्याच वर्षी लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड या इंग्रज तंत्रज्ञाने विटांच्या एका जुन्या अंडाकृती गटाराला आतून नवं अस्तर दिलं. लांबी सुमारे सत्तर मीटर. या अस्तराची पुढे रूढ झालेली रीत घरात रोज दिसणारी आहे : उशीचा अभ्रा उलटा करावा तशी नमद्याची लांब पिशवी रेझिनमध्ये भिजवून, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने उलटी करत पाईपात ढकलायची. पिशवी आत ओढावी लागत नाही, त्यामुळे घासत नाही. उलटताना तिची ओली बाजू जुन्या पाईपाला जाऊन चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश देऊन ती कडक करायची. जुना पाईप अशा वेळी नव्या पाईपाचा साचा होतो. बाकीच्या पद्धतीही आहेत, जुना पाईप आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढून घेणं ही त्यांतली महत्त्वाची; पण इमारतींच्या आवारात या अस्तराचाच अभ्यास आधी करावा.

अस्तराने पाईप अरुंद होतो, मग पाणी तुंबणार नाही का? हिशेब करून पाहू. 150 मिलिमीटरच्या पाईपात साडेचार मिलिमीटर जाडीचं अस्तर बसलं तर आतला व्यास 141 उरतो. केवळ व्यासामुळे वहनक्षमता पंधरा टक्क्यांनी घटते. पण प्रवाह मोजण्याच्या मॅनिंगच्या सूत्रातला खरखरीतपणाचा आकडा 0.013 वरून 0.010 वर येतो आणि एकूण क्षमता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. निदान नवं असताना. साबणाची आणि तुपाची चिकटी धरली की हा फायदा कमी होतो.

इथवर वाचून कोणी कंत्राटदाराला फोन करणार असेल तर जरा थांबावं. अस्तर पाईपाची गळती थांबवतं, त्याचा उतार सुधारत नाही. देवनारची जमीन एकसारखी नाही : टेकडीच्या बाजूला मुरूम, खाडीच्या बाजूला खाजणावर टाकलेला भराव. भराव खचला की लाईनीला पोट पडतं आणि त्या पोटात मैला साचतो. अशा लाईनीला अस्तर दिलं तर पोट तसंच राहून फक्त गुळगुळीत होतं. तिथे खोदायलाच हवं. न खोदण्याच्या विद्येत कुठे खोदावं हे ओळखणं सर्वांत अवघड, आणि चांगला अभियंता मी त्यावरूनच पारखतो. खाडीकाठी दुसरी अडचण भूजलाची. तडकलेल्या सांध्यातून पाणी आत झिरपत असेल तर रेझिन कडक होण्याआधीच धुऊन जातं.

तिसरी गोष्ट जोडण्यांची. अस्तर वाटेतल्या सगळ्या शाखांची तोंडं बंद करतं. ती यंत्राच्या कटरने आतून पुन्हा कापावी लागतात. कोणी वीस वर्षांपूर्वी न विचारता जोडलेली मोरी नकाशात नसेल, तर दुसऱ्या दिवशी ती तुंबते. म्हणून आधी जेटिंग, म्हणजे दाबाच्या पाण्याने सफाई, मग कॅमेरा, मग प्रत्येक जोडणीचं अंतर लिहिलेली नोंद. माणसाला मॅनहोलमध्ये उतरवणं हा पर्याय या क्रमात कुठेच नाही.

आमच्या हवेचंही भान ठेवावं. मे महिन्याच्या उकाड्यात रेझिन वेळेआधीच घट्ट होऊ लागतं, म्हणून भिजवलेली पिशवी बर्फात ठेवून आणतात. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनला उग्र वास असतो. नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं असेल तर तो थेट घरात शिरतो. बंद फ्लॅटमध्ये हे हमखास घडतं. तेव्हा कामाच्या आदल्या रात्री सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावावी : प्रत्येक नहाणीत आणि मोरीत एकेक तांब्या पाणी ओतून ठेवा, आणि शेजारी गावाला गेले असतील तर त्यांची किल्ली कोणाकडे आहे ते कळवा.