दिसायला भाऊ, नात्यात कुणीच नाही

लॅटिनमध्ये 'हाबेरे' म्हणजे जवळ असणं. जर्मनमध्ये 'हाबेन', अर्थ तोच. तुम्ही म्हणाल, एकाच घरातले शब्द, यात संशोधन कसलं? मीही तेच म्हटलं असतं. पण या दोघांचं मूळ वेगळं आहे.

कसं कळलं ते बघा, कारण पद्धत सायन्सवाल्यांच्या कामाची आहे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने 1818 मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने (हो, परीकथावाला) 1822 मध्ये दाखवलं की जर्मॅनिक भाषांत मूळचे ध्वनी ठरावीक रीतीने बदललेत. लॅटिन 'प' तिथे 'फ' होतो: पातेर–फादर, पिस्किस–फिश. 'क' चा 'ह' होतो: कोर्नू–हॉर्न, केन्तुम–हंड्रेड. लॅटिन 'ह' समोर मात्र 'ग' येतो: होर्तुस म्हणजे बाग, जर्मन गार्टेन, होस्तिस म्हणजे परका, जर्मन गास्ट, पाहुणा.

आता 'हाबेन' चा 'ह' मागे न्या. लॅटिनमध्ये 'क' हवा. तो सापडतो 'कापेरे' मध्ये, म्हणजे पकडणं. आणि 'हाबेरे' चा जर्मन नातेवाईक 'ग' ने सुरू व्हायला हवा. तो आहे 'गेबेन', म्हणजे देणं! ज्याच्याजवळ आहे आणि जो देतो, ते एका मुळातले. सारखे दिसणारे मात्र परके.

इथे मला माझं पहिलं वर्ष आठवतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखात एक पीक हव्या त्या जागी दिसलं आणि मी पदार्थ ओळखला म्हणून मोकळा झालो. गाईडनी एवढंच विचारलं, "बाकीची पीकं कुठे आहेत?" नव्हती. तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं. छोट्या शब्दांचं तसंच असतं. दोन-तीन ध्वनींचा शब्द योगायोगाने जुळणं सोपं, म्हणून एक जोडी पुरावा होत नाही. तोच बदल इतर शब्दांतही त्याच जागी दिसावा लागतो.

बरं, नियमाला अपवाद निघाले तर? निघालेच. लॅटिन पातेर आणि फ्रातेर, दोन्हीत 'त'. नियमाने जर्मॅनिकमध्ये दोन्हीकडे 'थ' हवा. पण जुन्या गॉथिक भाषेत भावाच्या शब्दात 'थ' आहे, बापाच्या शब्दात 'द'. पन्नासेक वर्षं हे कोडं तसंच होतं. 1870 च्या दशकात डॅनिश कार्ल व्हेर्नरने ते सोडवलं, आणि किल्ली मिळाली वैदिक संस्कृतात. 'भ्रातृ' मध्ये उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर, 'पितृ' मध्ये शेवटच्या. युरोपातल्या त्या शब्दांतून हा फरक पुसला गेला होता, वेदपाठात तो टिकला होता. 'हाबेन' मधला 'ब' सुद्धा याच नियमाने आलाय. नाहीतर तिथे 'फ' असता.

माझ्या मते व्हेर्नरचं काम ग्रिमपेक्षा मोठं. त्याने अपवाद बाजूला सारला नाही, त्याच्यातच नियम शोधला.

जाता जाता एक. इंग्रजी 'मच' आणि स्पॅनिश 'मूचो', दोन्ही म्हणजे पुष्कळ. नातं शून्य. 'मूचो' लॅटिन 'मुल्तुस' मधून आला. आणि 'मच' चा खरा नातेवाईक तुमच्या माझ्या तोंडात रोज असतो: महाराष्ट्रातला 'महा'.