ऊब राखण्याची विद्या



नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी गुलाटिंग नावाची एक लोकसभा भरत असे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लेखनिविष्ट झालेल्या तिच्या कायद्यात एक चमत्कारिक कलम आढळते. प्रत्येक शेतकऱ्याने नाताळच्या सणासाठी यवसुरा, म्हणजे ज्या पेयास आज आपण बिअर म्हणतो ते, घरी केलेच पाहिजे, असा त्यात दंडक आहे. जो करणार नाही त्याने बिशपास दंड द्यावयाचा. आणि तीन हिवाळे जो हे कर्तव्य टाळील त्याची सर्व मालमत्ता जप्त होऊन अर्धी राजाकडे व अर्धी बिशपाकडे जावयाची. इतक्यावरही जो प्रायश्चित्त घेणार नाही, त्याने देश सोडून चालते व्हावे!

मद्यपानाची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. नाताळ येतो ऐन हिवाळ्यात. नॉर्वेतील त्या दिवसांत बाहेर बर्फ, घरात लाकडाचा जाळ, आणि चुलीपासून चार हात दूर गेले की हातपाय गारठावयाचे. अशा घरात, ज्यांच्यापाशी उष्णतामापक यंत्र नव्हते अशा माणसांनी, केवळ उबेवर जगणारी एक सजीव वस्तू दरवर्षी कशी सांभाळली असेल?

ही सजीव वस्तू म्हणजे किण्व. इंग्रजीत त्यास यीस्ट म्हणतात. जवास मोड आणून ते वाळवावयाचे, भरडावयाचे आणि ऊन पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा काढावयाचा, ही यवसुरेची पूर्वतयारी. त्या काढ्यात किण्व घातले म्हणजे ते साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते. काढा फार कढत असेल तर किण्व मरते. फार गार असेल तर ते निद्रिस्त होते. ते स्वस्थ राहिले की दुसरे जंतू काढ्याचा ताबा घेतात, आणि वर्षाच्या धान्यातून काढून ठेवलेले जव आंबट होऊन फुकट जातात. अर्धपोटी राहणाऱ्या शेतकऱ्यास ही हानी दंडाइतकीच जड वाटत असली पाहिजे.

येथे पदार्थविज्ञानातील एक साधा नियम ध्यानात घ्यावयास हवा. किण्वाच्या क्रियेत स्वतःच उष्णता उत्पन्न होते. परातीत पसरलेला भात लवकर निवतो आणि पातेल्यातला बराच वेळ ऊन राहतो, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. भांडे लहान तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने अधिक, आणि उष्णता निसटण्याची वाट मोठी. म्हणून घरातील लहान पिंपापुढे प्रश्न असतो ऊब राखण्याचा, तर कारखान्याच्या अवाढव्य हौदापुढे प्रश्न असतो उष्णता घालवण्याचा. या विषयाचा पुढील दोन-तीन शतकांचा इतिहास या एका भेदातून उलगडतो, असे म्हणावयास हरकत नाही.

कारण ग्रंथ लिहिले गेले ते हौदवाल्यांचे! बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात यवसुरा करण्यास राजाज्ञेने बंदी झाली; सप्टेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंतच ती करावयाची, असे ठरले. तेथील किण्व थंडीतच चांगले काम करणारे होते. इंग्लंडात मायकेल कोम्ब्रून याने १७६२ साली आपल्या ग्रंथात उष्णतामापकाचा पुरस्कार केला. त्याच सुमारास आल्टन गावच्या जेम्स बेव्हरस्टॉक या तरुणास हे यंत्र आपल्या वडिलांपासून लपवून वापरावे लागले. कारण जुन्या पिढीस असले प्रयोग मुळीच रुचत नसत. पुढे हौद वाढत गेले, तेव्हा त्यांतील उष्णता उतरवण्यासाठी थंड पाण्याच्या नळ्या त्यांत सोडाव्या लागल्या. १८७० नंतरच्या दशकात जर्मनीच्या कार्ल लिंडे याचे शीतयंत्र आले, तेही यवसुरेच्या कारखानदारांच्याच पाठबळाने.

शास्त्राची दृष्टीही याच दिशेस वळली. लुई पाश्चर १८७१ साली लंडनमधील व्हिटब्रेडच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन गेला, आणि १८७६ साली त्याने यवसुरेवरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध किण्व सिद्ध केले. शास्त्राचा हा विजय निर्विवाद होय; परंतु त्यामुळे घरोघर राखलेली मिश्र किण्वे म्हणजे अडाणीपणाचा अवशेष, असा समज दृढ झाला.

घरगुती रीतीवर कायद्याचाही भार पडला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी यवसुरा करणाऱ्यास परवाना घेणे भाग पडले. ती अट १९६३ साली उठली. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने मोकळीक मिळाली. तेव्हा हौशी मंडळी पुन्हा या उद्योगास लागली, आणि जुनाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला: वीस अंश सेंटिग्रेडच्या आसपासची ऊब थंडीत आठवडाभर टिकवावयाची कशी? इंग्रज गृहस्थ कढत पाण्याच्या टाकीशेजारी कपडे वाळत घालण्याच्या कपाटात पिंप ठेवू लागले. कोणी त्यास घोंगडी गुंडाळली, कोणी विजेचा पट्टा बांधला. ज्ञानाचा धागा मध्येच तुटल्यामुळे हे सारे त्यांना नव्याने शिकावे लागले.

नॉर्वेच्या पश्चिमेकडील काही खेड्यांत मात्र तो धागा तुटला नव्हता. तेथील शेतकरी घरच्या किण्वास ‘क्वैक’ म्हणतात. अग्नी चेतवण्यासाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याच कुळातील हा शब्द होय. हे किण्व लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पुढील वेळेपर्यंत जपावयाचे, आणि शेजाऱ्याचे बिघडले तर आपल्यातले त्यास द्यावयाचे, हा तेथील परिपाठ. काढा किती निवाला म्हणजे किण्व घालावे? तर नुकत्याच काढलेल्या दुधाइतका कोमट झाला म्हणजे! हे माप तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान येते. मग पिंप पांघरूण घालून झाकावयाचे. एक-दोन दिवसांत काम संपते.

१९५० नंतरच्या दशकात नॉर्वेतील लोकजीवनाच्या अभ्यासकांनी खेड्याखेड्यांत प्रश्नावल्या पाठवून ही माहिती जमवली, आणि त्या आधारे ऑड नूर्डलान्ड यांनी १९६९ साली ग्रंथ लिहिला. तथापि कारखान्यात शिकलेल्यांस ही तऱ्हा अशक्यच वाटे. इतक्या उष्णतेत सामान्य किण्व पेयास नकोसा वास व चव आणते. पुढे या शतकात लार्स मारियस गार्शोल यांनी खेड्यांत हिंडून जुनी किण्वे मिळवली व ती प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही किण्वे उष्णता सोसणारी, वेगाने काम करणारी आणि माणसाळलेली असल्याचे दिसून आले.

याचा उलगडा माझ्या अल्पमतीप्रमाणे असा. यंत्रावाचून वीस अंश ओळखणे कठीण. पण दुधाची ऊब बोटास तत्काळ कळते. थंड घरात ऊब आठवडाभर राखता येत नाही; पण काम उबेतच आरंभले तर गारठा आत शिरण्यापूर्वी ते उरकते. जे किण्व या रीतीस टिकले तेच कड्यावर वाळवले गेले, आणि अशा निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या ते घडत गेले असावे.

आपल्या परंपरेतही याचे साधर्म्य आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात किण्वाचा उल्लेख केला असून विशेष प्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा कुटुंबीयांस दिली आहे. आसवारिष्टांचे भांडे धान्याच्या राशीत पुरून ठेवावे, असे आपले वैद्यकग्रंथ सांगतात. धान्याच्या राशीतून उष्णता सहजासहजी निसटत नाही. दिवसरात्रीचा चढउतार आत पोहोचू न देता भांड्यास समान ऊब मिळावी, यासाठी याहून सोपा उपाय कोणता?

नॉर्वेतील पुष्कळ खेड्यांत मात्र घरचे किण्व नाहीसे होऊन त्याच्या जागी दुकानातले पावाचे किण्व आले. ते एकदा गेले म्हणजे ग्रंथ वाचून परत आणता येत नाही. कृती लिहून ठेवता येते. सजीव वस्तू मात्र कोणीतरी दरवर्षी उबेत जपावीच लागते. आपल्याही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी विरजणाच्या, पिठाच्या, लोणच्याच्या अशा कित्येक खुणा आहेत. त्या अजून विचारता येतात तोवर विचारून घ्याव्यात, एवढीच माझी श्रोत्यांस विनंती आहे.