कूप ते ग्रामसभा : चंद्रपूर-गडचिरोलीतील स्थानिक प्राधान्याचा प्रश्न

मुंबई प्रांतात १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. कूप लिलावात ठेकेदारास न देता तोडीसाठी या संस्थांकडे सोपवावेत, हे त्यामागील सूत्र होय. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्याने हे धोरण येथे उशिरा पोहोचले. ठेकेदार दूर झाला खरा. परंतु संस्थांच्या वाट्याला मुख्यतः तोडणी आणि वाहतूक आली, जंगलावरील अधिकार वन विभागाकडेच राहिला. बांबू तर दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता.

वनहक्क कायदा, २००६ ने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यावाचून तो कागदावरच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांसाठीही स्वतः लिलाव पुकारले. येथे जुना प्रश्नच उलटा झाला : लिलाव पुकारणारे स्थानिक, बोली लावणारे बहुधा बाहेरचे व्यापारी. त्यांपैकी काहींनी रक्कम थकविली, तेव्हा वसुलीचे बळ मात्र ग्रामसभेपाशी नव्हते.