एकच जागतिक सरकार : विचार आणि संशय

साऱ्या पृथ्वीवर एकच राज्यसत्ता असावी हा एक विचार आहे. अशी सत्ता पडद्याआड अगोदरच कारभार करीत आहे, हा समज मात्र अगदी वेगळा. विचार उघडपणे मांडला गेला, त्यावर ठरावही झाले. समज कानोकानी पसरतो. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावात तो पोहोचतो, तो बहुधा बियाण्याच्या पिशवीबरोबर किंवा लशीच्या कुपीबरोबर.

विचाराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी संमत झालेला 'छोडो भारत'चा ठराव सर्वांना ठाऊक आहे. त्याच ठरावात काँग्रेसने स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याचा पुरस्कार केला होता, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. असे संघराज्य झाल्यास निरनिराळ्या देशांच्या फौजांची गरज उरणार नाही, एकच संघीय सेना शांतता राखील आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल, असे त्यात म्हटले होते. पुढे गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भावे यांनी भूदान पदयात्रेत, १९५७ च्या सुमारास, 'जय जगत्'चा घोष दिला. विनोबांच्या कल्पनेत खरी सत्ता गावाकडे राहणार होती. जगाच्या केंद्राकडे हुकूम नव्हे, सल्ला असणार होता.

संशयाचा उगम युरोपातला. बव्हेरियात १७७६ साली अॅडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने 'इल्युमिनाटी' ही गुप्त मंडळी स्थापन केली. दहा वर्षांच्या आतच तेथील राज्यकर्त्याने तिच्यावर बंदी घातली. फ्रेंच राज्यक्रांती याच मंडळीने घडवली, असे प्रतिपादणारी पुस्तके १७९७ साली निघाली आणि मेलेली मंडळी कायमची जिवंत झाली. १९०३ मध्ये रशियात छापलेल्या एका बनावट दस्तऐवजाने जगावर राज्य करण्याच्या कारस्थानाचे खापर ज्यू समाजावर फोडले. तो मजकूर एका जुन्या फ्रेंच पुस्तकातून उचललेला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्ये दाखवून दिले. तरी त्याचा प्रसार थांबला नाही. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे 'शनवार तेली' म्हणजे याच धर्माचे बेने इस्रायली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तरी या कारस्थानाचे हसू यावे. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ११ सप्टेंबर १९९० च्या भाषणात 'नवी जागतिक व्यवस्था' हा शब्दप्रयोग केला आणि संशयाला नवे नाव मिळाले.

प्रत्यक्षात जागतिक संस्थांचे बळ किती? संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत, पण आमसभेचे ठराव सदस्यांवर बंधनकारक नसतात आणि सुरक्षा परिषदेत पाच देशांपैकी एकाचा नकाराधिकारही पुरेसा ठरतो. १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले, कारण अमेरिकेने त्यावरील नेमणुका अडवून धरल्या.

मराठवाड्यात या संशयाने खरा जोर धरला तो कापसाच्या शेतात. डंकेल मसुद्यावरून १९९० च्या दशकात मोठा वाद झाला. शेती परकीयांच्या ताब्यात जाईल, असे स्वदेशीवादी आणि डावे दोघेही सांगत होते. शरद जोशी यांची शेतकरी संघटना मात्र खुल्या बाजाराच्या बाजूने उभी होती. १९९८ मध्ये 'टर्मिनेटर' म्हणजे पुढे न उगवणाऱ्या बियाण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले आणि त्याच वर्षी मोन्सॅन्टोने जालन्याच्या महिको कंपनीत २६ टक्के भागीदारी घेतली. दोन्ही गोष्टी जोडून घेणे लोकांना सोपे गेले. वस्तुतः टर्मिनेटर बियाणे बाजारात कधीच आले नाही. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने तर अशा वाणाच्या नोंदणीलाच मनाई केली आहे. २००२ मध्ये परवानगी मिळालेले बीटी कापसाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, ते संकरित असल्यामुळे. त्याची सरकी पेरली तर पुढचे पीक एकसारखे येत नाही.

पण संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. ४५० ग्रॅमच्या पिशवीला सुरुवातीला १,६०० रुपयांच्या घरात मोजावे लागत आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्कापोटी जाई. आंध्र प्रदेश सरकारने तक्रार केल्यावर २००६ मध्ये भाव ७५० रुपयांवर आले. कारस्थान शोधणाऱ्यांनी नव्हे, तर हिशेब मागणाऱ्यांनी ते खाली आणले.

कोरोनाच्या साथीत तोच संशय लशीकडे वळला. लशीतून शरीरात चिप घालतात, वंध्यत्व येते, जगाची लोकसंख्या घटवण्याचा हा बेत आहे, अशा अफवा मोबाइलवरून गावोगावी गेल्या. तत्कालीन औरंगाबाद जिल्हा लसीकरणात राज्याच्या बराच मागे पडला. तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश काढला. लसीकरण केंद्रांवरील गर्दी वाढली खरी, पण 'लस नाही तर धान्य नाही' हे अफवेतलेच भाकीत सरकारी कागदावर उतरले. हा हुकूम जिनेव्हाहून आला नव्हता. तो जिल्ह्याच्या ठिकाणीच निघाला होता.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवले, मात्र कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २० मे २०२५ रोजी स्वीकारलेल्या महासाथविषयक करारातही, टाळेबंदी, प्रवासबंदी वा लससक्ती कोणत्याही देशावर लादण्याचा अधिकार संघटनेला नाही, असे कलम मुद्दाम घालण्यात आले आहे.